डेलावेअर नदीचे ट्राउट मत्स्यक्षेत्र व उष्ण पाण्यापासून त्याचे संरक्षण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील डेलावेअर नदीच्या वरच्या शाखांवर न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेल्या धरणांखाली निर्माण झालेले ट्राउट माशांचे क्षेत्र आणि उन्हाळ्यात तापणाऱ्या पाण्यापासून त्याचा बचाव करण्यासाठी झालेले प्रयत्न. नदीतील पाण्याचे वाटप करताना केवळ पाण्याचे परिमाण नव्हे, तर त्याचे तापमानही विचारात घ्यावे लागते, ही गोष्ट ज्या थोड्या नद्यांच्या इतिहासात स्पष्टपणे दिसून येते, त्यांत डेलावेअरची गणना होते. येथील विशेष असा, की ज्या धरणांनी हे मत्स्यक्षेत्र निर्माण केले, त्या धरणांच्याच व्यवस्थापनामुळे ते अनेकदा संकटातही आले.

भौगोलिक पार्श्वभूमी : न्यूयॉर्क राज्यातील कॅटस्किल पर्वतात डेलावेअरच्या पूर्व व पश्चिम ह्या दोन शाखा उगम पावतात व हँकॉक ह्या गावाजवळ त्यांचा संगम होतो. तेथून डेलावेअर उपसागराच्या मुखापर्यंत मुख्य नदीची लांबी सु. ५३० किमी. आहे. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी व डेलावेअर ही चार राज्ये तिच्या खोऱ्यात येतात. नेव्हरसिंक ही तिची उपनदीही कॅटस्किल पर्वतातूनच येते. पूर्व शाखेस मिळणारी बीव्हरकिल ही उपनदी मात्र आजही धरणाविना मोकळी वाहते व कडक उन्हाळ्यात तिचे पाणी बरेच तापते. डेलावेअर खोऱ्यातील पाण्यावर न्यूयॉर्क शहराची सु. निम्मी गरज भागते. हे शहर स्वतः मात्र ह्या खोऱ्याबाहेर, हडसन नदीच्या मुखाशी वसलेले आहे. खोऱ्यातून बाहेर नेलेले पाणी नदीला परत मिळत नाही आणि पुढील सर्व वादाचे मूळ ह्या एका वस्तुस्थितीत आहे.

ट्राउट व पाण्याचे तापमान : ट्राउट हा थंड, स्वच्छ व भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यात राहणारा मासा आहे. साधारणपणे १०° ते १८° से. तापमानात त्याची वाढ चांगली होते. तापमान २०° से.च्या वर गेले, की त्याचे खाणे मंदावते व शरीरावर ताण पडू लागतो. ते सु. २५° से. होऊन काही काळ टिकले, तर मासा दगावतो. तापमान वाढले की पाण्याची प्राणवायू धारण करण्याची क्षमता घटते. १०° से. तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात सु. ११ मिग्रॅ. प्राणवायू विरघळू शकतो, तर २५° से. तापमानास तो सु. ८ मिग्रॅ. इतकाच राहतो. उलट, तापमानाबरोबर माशाच्या शरीरातील चयापचय वेगाने होऊ लागल्याने त्याची प्राणवायूची गरज वाढते. अशा रीतीने पुरवठा घटतो आणि मागणी वाढते, व ह्या दोन्हींच्या कात्रीत मासा सापडतो.

डेलावेअरच्या वरच्या भागात ट्राउटचे तीन प्रकार आढळतात. त्यांपैकी ओढ्यातील ट्राउट (ब्रुक ट्राउट) हा मूळचा तेथील होय. तपकिरी ट्राउट १८८३ मध्ये जर्मनीतून अमेरिकेत आणण्यात आला. ब्रिटिश अमदानीत काश्मीरच्या ओढ्यांत सोडण्यात आलेला ट्राउट ह्याच जातीचा. इंद्रधनुषी ट्राउट मूळचा पॅसिफिक किनाऱ्याकडील असून तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्वेकडे आणला गेला. रेल्वेने नेण्यात येणारे ह्या माशांचे डबे कॅलिकून गावाजवळच्या ओढ्यात रिकामे करण्यात आले आणि त्यांतून डेलावेअरमधील त्याची प्रजा वाढली, अशी आख्यायिका तेथे प्रचलित आहे.

कॅटस्किल पर्वतातील नद्या गळाने मासेमारी करणाऱ्यांमध्ये पूर्वीपासूनच ख्यातनाम होत्या. पिसे व दोरा यांपासून बनविलेली कृत्रिम माशी पाण्यावर तरंगती ठेवून ट्राउट पकडण्याची पद्धत इंग्लंडमधून आली. तिला अमेरिकन नद्यांना साजेसे रूप देणारा थीओडोर गॉर्डन (मृत्यू १९१५) हा नेव्हरसिंकच्या काठी राहत असे. मात्र दोन्ही शाखांच्या खालच्या भागात व मुख्य नदीत उन्हाळ्यात पाणी तापत असल्याने तेथे ट्राउटपेक्षा बास माशांचेच प्राबल्य असे.

न्यायालयीन निवाडे व धरणे : न्यूयॉर्क शहराने डेलावेअरच्या शाखांतून पाणी उचलण्याची योजना आखल्यावर न्यू जर्सी राज्याने १९२९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. १९३१ मध्ये न्यायालयाने शहराला दररोज ४४ कोटी गॅलन (सु. १६७ कोटी लिटर) पाणी खोऱ्याबाहेर नेण्यास अनुमती दिली. निकालपत्र न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी लिहिले होते. नदीचा वरचा भाग ज्याच्या हाती आहे त्याने सर्व पाणी अडवून धरू नये, तसेच खालच्या राज्यांनीही नदी जशीच्या तशी वाहत राहावी असा हट्ट धरू नये, असा समन्यायी वाटपाचा दृष्टिकोन न्यायालयाने स्वीकारला.

शहराची गरज वाढल्यावर हे प्रकरण पुन्हा न्यायालयापुढे गेले व १९५४ मध्ये सुधारित हुकूमनामा देण्यात आला. त्यानुसार शहराची मर्यादा टप्प्याटप्प्याने दररोज ८० कोटी गॅलनपर्यंत (सु. ३०३ कोटी लिटर) वाढविण्यात आली. त्याबदली हँकॉकच्या खाली सु. १३५ किमी.वर असलेल्या न्यू जर्सीतील माँटेग्यू येथे नदीचा प्रवाह १,७५० घनफूट प्रतिसेकंद (क्युसेक), म्हणजे सु. ५० घ. मी. प्रतिसेकंद राखण्यासाठी शहराने आपल्या जलाशयांतून पाणी सोडावे, असे बंधन घालण्यात आले. ह्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवण्यासाठी ‘रिव्हर मास्टर’ ह्या पदनामाचा अधिकारी नेमण्यात आला.

ह्या काळात तीन धरणे उभी राहिली. नेव्हरसिंक जलाशयाची क्षमता सु. १३ कोटी घ. मी. असून तो १९५० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात वापरात आला. पूर्व शाखेवर डाउन्सव्हिल येथील धरणामागे असलेला पेपॅक्टन जलाशय सर्वांत मोठा (सु. ५३ कोटी घ. मी.) असून तो १९५५ मध्ये वापरात आला. पश्चिम शाखेवरील कॅनन्सव्हिल जलाशय (सु. ३६ कोटी घ. मी.) १९६४ मध्ये पुरा झाला. पेपॅक्टनमध्ये चार व कॅनन्सव्हिलमध्ये पाच वस्त्या बुडाल्या व प्रत्येक ठिकाणी नऊशेहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. गॉर्डन जेथे मासेमारी करीत असे, तो नेव्हरसिंकचा भागही पाण्याखाली गेला. ह्या तिन्ही जलाशयांतील पाणी बोगद्यांवाटे राँडाउट जलाशयात व तेथून १३७ किमी. लांबीच्या डेलावेअर जलवाहिनीने शहराकडे जाते.

थंड पाण्याची निर्मिती : खोल जलाशयात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. गोड्या पाण्याची घनता ४° से. तापमानास सर्वाधिक असल्याने थंड, जड पाणी तळाशी राहते, तर सूर्याच्या उष्णतेने तापलेले हलके पाणी वर तरंगते. ह्या दोहोंमध्ये तापमान झपाट्याने बदलणारा एक संक्रमण थर असतो. त्यामुळे वारा व लाटा यांनी वरचे पाणी ढवळले, तरी तळचे थंड पाणी त्यात सहसा मिसळत नाही. धरणाचे विसर्गद्वार खोलवर असल्यास ऐन जुलै-ऑगस्टमध्येही हे थंड पाणी नदीत येते. कॅनन्सव्हिल व पेपॅक्टन धरणांतून असेच पाणी बाहेर पडू लागल्याने पूर्वी बास माशांसाठी ओळखल्या जाणाऱ्या पात्रात ट्राउट वाढू लागले. पश्चिम शाखेत, हँकॉकच्या परिसरात व मुख्य नदीच्या वरच्या भागात जलाशयात वाढविलेले मासे न सोडताही नैसर्गिक प्रजननाने टिकणारी तपकिरी व इंद्रधनुषी ट्राउटची प्रजा निर्माण झाली. अमेरिकेच्या पूर्व भागातील उत्तम ट्राउट नद्यांमध्ये आज हिचा समावेश होतो.

सोडलेले पाणी जसजसे पुढे जाते, तसतसे ते हवेतून व सूर्यप्रकाशातून उष्णता घेत तापते. प्रवाह मोठा असेल, तर पाणी खोल व वेगवान राहते, त्याच्या दर घनमीटरला मिळणारी उष्णता कमी पडते व थंड पाणी दूरवर पोहोचते. प्रवाह लहान असेल, तर रुंद, उथळ व दगडाळ पात्रात पसरलेले पाणी काही किलोमीटरांतच तापते. कॅनन्सव्हिलपासून हँकॉकपर्यंत नदीमार्गाने सु. ३० किमी., तर पेपॅक्टनपासून सु. ५० किमी. अंतर आहे. त्यामुळे ट्राउटच्या दृष्टीने किती पाणी सोडले, हा प्रश्न वस्तुतः नदी किती अंतरापर्यंत राहण्याजोगी राहील, असा असतो.

संघर्षाचा प्रारंभ : १९५४ च्या हुकूमनाम्यात माशांसाठी कोणतीही तरतूद नव्हती. माँटेग्यूचे उद्दिष्ट पाण्याच्या परिमाणापुरते होते. ते पाणी कोणत्या जलाशयातून व कोणत्या दिवशी यावे, ह्यावर बंधन नव्हते. शहर धरणांतून जे किमान पाणी सोडीत असे, ते फारच थोडे होते. कॅनन्सव्हिलमधून ते उन्हाळ्यात २३ व हिवाळ्यात ८ क्युसेक इतके होते. पाऊस चांगला झाला, की माँटेग्यूचा प्रवाह आपोआप पुरा होई व धरणातून विसर्ग करण्याचे कारण उरत नसे. उलट, कोरड्या दिवसांत मोठा विसर्ग होई. त्यामुळे नदीचे पाणी एका आठवड्यात थंड व खळाळते, तर दुसऱ्या आठवड्यात उथळ व कोमट असा लंबकासारखा प्रकार सुरू झाला. त्यातच लॅकवॅक्सेन व माँगॉप ह्या उपनद्यांवरील जलविद्युत् केंद्रांतून सोडलेले पाणीही माँटेग्यूच्या हिशेबात धरले जाई. ते मिळाले, की वरच्या धरणांतील विसर्ग कमी करता येई. परंतु ह्या उपनद्या हँकॉकच्या बऱ्याच खाली मिळत असल्याने ट्राउटच्या क्षेत्रास त्या पाण्याचा काहीच लाभ होत नसे.

आणखी एक विषमता जलाशयांच्या निवडीतून उद्‌भवली. कॅनन्सव्हिलच्या पाणलोट क्षेत्रात दुग्धव्यवसाय मोठा असल्याने त्या जलाशयात फॉस्फरस अधिक साचे व पाण्याची प्रत उतरे. त्यामुळे पिण्यासाठी पेपॅक्टनचे पाणी राखून ठेवावयाचे व माँटेग्यूसाठी मुख्यतः कॅनन्सव्हिलचे सोडावयाचे, असा परिपाठ पडला. त्याचा परिणाम म्हणून पश्चिम शाखा थंड राहिली, परंतु पूर्व शाखेचा खालचा भाग बीव्हरकिलच्या तापलेल्या पाण्यामुळे ट्राउटला प्रतिकूल झाला.

१९६१ मध्ये चार राज्ये व संघशासन यांच्या करारान्वये डेलावेअर नदीखोरे आयोगाची स्थापना झाली. त्यानंतर लगेचच खोऱ्यास दीर्घ अवर्षणाने ग्रासले. १९६५ मध्ये न्यूयॉर्क शहराने आपले जलाशय रिते होण्याच्या भीतीने माँटेग्यूसाठी पाणी सोडणे थांबविले. नदीचा प्रवाह घटल्याने समुद्राचे खारे पाणी फिलाडेल्फियाकडे सरकू लागले व आयोगाला आणीबाणी जाहीर करावी लागली. एका शहराचे पिण्याचे पाणी व दुसऱ्या शहराचे पिण्याचे पाणी यांच्यातच जेव्हा ओढाताण होते, तेव्हा माशांचा विचार मागे पडतो, हे ह्या प्रसंगाने दाखवून दिले.

तापमानाला मिळालेली मान्यता : १९७० नंतर मासेमारांच्या संघटनांनी हा प्रश्न लावून धरला. त्यांत कॅटस्किल वॉटर्स ही संस्था अग्रेसर होती. त्यांच्या प्रयत्नांमुळे १९७६ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून शहराच्या जलाशयांतील विसर्गाचे नियमन करण्याचा अधिकार राज्याच्या पर्यावरण संधारण खात्याला दिला व १९७७ मध्ये वाढीव विसर्गाचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू झाला. १९८३ मध्ये हुकूमनाम्याच्या पाच पक्षांनी, म्हणजे चार राज्ये व न्यूयॉर्क शहर यांनी, अवर्षणकाळातील वाटपाविषयी सलोख्याने करार केला. त्यानंतर ही व्यवस्था अधिक स्थिर झाली.

ह्या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाची कल्पना ‘औष्णिक साठ्या’ची होय. नेहमीच्या विसर्गाखेरीज पाण्याचा एक ठराविक साठा उष्णतेच्या दिवसांसाठी राखून ठेवण्यात आला. बँकेतील ठेवीप्रमाणे राज्याच्या मत्स्यतज्ञांनी तो गरजेप्रमाणे काढावा, अशी योजना होती. त्याचे मोजमाप क्युसेक-दिवस ह्या एककात करतात. एक क्युसेक प्रवाह सतत एक दिवस चालू ठेवण्यास लागणारे पाणी म्हणजे एक क्युसेक-दिवस (सु. २,४५० घ. मी.). प्रारंभी ६,००० क्युसेक-दिवसांचा असलेला हा साठा पुढे ९,२०० पर्यंत (सु. २.२५ कोटी घ. मी.) वाढविण्यात आला. ठरावीक मापनकेंद्रांवर पाण्याचे कमाल तापमान ७५° फॅ. (सु. २४° से.) व दिवसाचे सरासरी तापमान ७२° फॅ. (सु. २२° से.) यांपुढे जाऊ नये, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले. ही मर्यादा ट्राउटला सुखावह नाही, ती केवळ त्याला जिवंत ठेवणारी आहे, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

साठा वापरण्याचे काम सोपे नव्हते. धरणातून सोडलेले पाणी अपेक्षित स्थळी पोहोचण्यास वेळ लागत असल्याने निर्णय हवामानाच्या अंदाजावर अगोदर घ्यावा लागे. अंदाज चुकून आकाश ढगाळ राहिले, तर साठ्यातील पाणी व्यर्थ जाई, आणि विसर्गास उशीर झाला, तर नदी आधीच तापलेली असे. जूनमध्येच उष्णतेची लाट आली, तर ऑगस्टसाठी किती शिल्लक ठेवावे, हा प्रश्न दरवर्षी उभा राही.

लवचिक प्रवाह व्यवस्थापन : २००७ मध्ये ‘लवचिक प्रवाह व्यवस्थापन कार्यक्रम’ अंमलात आला. त्यात स्वतंत्र औष्णिक साठ्याऐवजी जलाशयांतील पाणीसाठा व ऋतू यांनुसार नेहमीचा विसर्गच वाढवावा, असे तत्त्व स्वीकारण्यात आले. जलाशय भरलेला असेल तेव्हा अधिक व रिकामा होत असेल तेव्हा कमी, असे विसर्गाचे तक्ते ठरले. नदीतील चढउतार त्यामुळे कमी झाले, परंतु अतिशय उष्ण दिवसांसाठी वेगळी तरतूद उरली नाही.

हुकूमनाम्यातील अटींत बदल करण्यास पाचही पक्षांची एकमताने संमती लागते. २०१७ च्या मे अखेरीस ही संमती मिळू शकली नाही, तेव्हा काही महिने जुन्या व कमी विसर्गाच्या नियमांकडे परत जावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नवा करार झाला व त्याची मुदत २०२८ पर्यंत ठरविण्यात आली. त्यात २,५०० क्युसेक-दिवसांचा (सु. ६१ लक्ष घ. मी.) औष्णिक साठा पुन्हा निर्माण करण्यात आला व हँकॉकच्या खाली सु. १५ किमी.वर असलेल्या लॉर्डव्हिल येथील तापमान ७५° फॅ.पेक्षा वाढू न देणे, हे उद्दिष्ट मानण्यात आले.

विरोधी हितसंबंध : थंड पाणी सर्वच जीवांना मानवते असे नाही. डेलावेअरच्या वरच्या भागात अमेरिकेच्या कायद्याने संकटग्रस्त ठरविलेला एक लहान शिंपला आढळतो. त्याचे जीवनचक्र पूर्वीच्या उबदार नदीशी जुळलेले असल्याने अतिथंड विसर्ग त्यास बाधक ठरू शकतो. काठावरील रहिवाशांना जलाशयात पुरासाठी मोकळी जागा हवी असते, तर मासेमारांना उन्हाळ्यासाठी तो भरलेला हवा असतो. शहरास अवर्षणाची धास्ती असते. मात्र शहराची दैनंदिन पाण्याची मागणी १९८० च्या सुमारास सु. ५७० कोटी लिटर होती, ती २०१० नंतर सु. ३८० कोटी लिटरपर्यंत उतरली. गळती रोखणे व पाणी कमी लागणारी उपकरणे बसविणे ही त्याची काही कारणे होत. शहरात वाचलेले पाणी नदीला मिळावे, हा मासेमारांचा युक्तिवाद त्यामुळे अधिक बळकट झाला आहे. दुसरीकडे, २०२४ च्या शरद ऋतूत डेलावेअर जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी ती बंद करण्यात आली असता तीव्र अवर्षणामुळे हे काम नोव्हेंबरमध्ये मध्येच थांबवावे लागले. शहराची धास्ती निराधार नसल्याचे त्यावरून दिसून येते.

अन्यत्र योजलेले उपाय : ज्या धरणांत भिन्न खोलींवरून पाणी घेण्याची सोय असते, तेथे तापमानाचे नियंत्रण अधिक अचूक करता येते. यूटा राज्यात ग्रीन नदीवरील फ्लेमिंग गॉर्ज धरणाखाली प्रश्न नेमका उलटा होता. तेथील पाणी इतके थंड होते, की ट्राउटची वाढ खुंटली. १९७८ मध्ये जलमार्गांच्या मुखाशी फेरबदल करून वरच्या थरांतील पाणी घेण्याची व्यवस्था केल्यावर मासे पुन्हा वाढू लागले. कॅलिफोर्नियातील शॅस्टा धरणावर ट्राउटच्याच कुलातील सॅमन माशांसाठी अशी प्रचंड पोलादी यंत्रणा १९९७ मध्ये कार्यान्वित झाली. परंतु २०१४ च्या अवर्षणात जलाशयातील थंड पाणीच संपल्याने हिवाळी सॅमनची बहुतेक अंडी व पिले नष्ट झाली. यंत्रणा थंड पाण्याची वाटणी सुधारू शकते, ते निर्माण करू शकत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

मूल्यमापन : डेलावेअरच्या इतिहासात १९३१ चा निवाडा पाणी किती न्यावे, ह्याविषयी होता. १९५४ चा पाणी किती सोडावे, ह्याविषयी झाला. १९७६ नंतर ते केव्हा, कोठून व किती थंड सोडावे, हा प्रश्न पुढे आला. वास्तविक ट्राउटसाठी राखून ठेवलेला साठा जलाशयांच्या एकूण क्षमतेच्या (सु. १०२ कोटी घ. मी.) एक टक्क्याहूनही कमी आहे. तथापि ह्या अल्प भागासाठी चार राज्ये व एक महानगर यांना एकमत करावे लागते. उन्हाळे जसजसे अधिक उष्ण होत जातील, तसतसे जलाशयाच्या तळाशी हिवाळ्यात साठलेले थंड पाणी हे पाण्याहून वेगळे व त्याहूनही दुर्मिळ असे धन मानावे लागेल. ते वर्षातून एकदाच मिळते व एकदा खर्चिले, की पुढील हिवाळ्यापर्यंत परत मिळत नाही. त्याचा हिशेब पाण्याच्या हिशेबाबरोबरच ठेवला गेला, तरच धरणाने निर्माण केलेली ही नदी ट्राउटची म्हणून टिकून राहील.